फावडं, म्हातारी आणि सुकट

भरतीच्या कचेरीच्या अंगणात त्या दिवशी सरोवराकाठच्या पाच-सहा गावांतली पोरं भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. आत टेबलांमागे वेगवेगळ्या दलांचे अधिकारी. पोरं त्यांना 'गिऱ्हाईक' म्हणायची, कारण ते खरोखरच जनावरांच्या बाजारात उभं राहावं तसे उभे राहत. दंड दाबून बघायचं, चालवून बघायचं, पसंत पडलं की नावापुढे खूण. शाइलो कुस्ती खेळलेला, खांद्यात रुंद. त्याला छत्रीवाल्यांनी उचललं, म्हणजे विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीने. तोक्तोसुन चालायच्या आधी पोहायला शिकला होता असं त्याची आई सांगायची. तो नौदलात गेला. तिसरा कालमुर्झा. याचं बालपण वरच्या कुरणात बापाच्या मेंढ्यांमागे गेलेलं. शाळा फक्त बर्फ पडला की.

एका जाडजूड अधिकाऱ्याने त्याच्यापुढे छापील रशियन कागद सरकवला.

"वाच."

कालमुर्झा कागदाकडे बघत राहिला. अधिकाऱ्याने मग दोन्ही हातांनी माती उपसल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या. हे मात्र कालमुर्झाला कळलं. त्याने मान डोलावली.

"झालं. बांधकाम पलटण. पुढचा!"

तीन जिवलग मित्र अशा रीतीने तीन दिशांना गेले. शाइलोला अफगाणिस्तानात उतरवलं. तोक्तोसुन पूर्वेच्या समुद्रावर गेला. कालमुर्झा सैबेरियात रेल्वेचे रूळ आणि पूल बांधायला. तो परतला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. "थंडीने नेली," एवढंच त्याने आईला सांगितलं. आई रडली, मग त्याला दोन वाट्या रस्सा पाजला आणि विषय संपला.

नौदलाची नोकरी एक वर्षाने जास्त, म्हणून तोक्तोसुन सगळ्यात शेवटी आला, तो नेमका कालमुर्झाच्या लग्नात. पट्ट्यापट्ट्यांचा खलाशी सदरा, मागे दोन फिती लोंबणारी टोपी. मांडवात शिरला आणि शाइलोला बघून ओरडला, "अरे, ही म्हातारी अजून जमिनीवरच? मला वाटलं वाऱ्याने उडून चीनमध्ये पडली असेल!"

रानात वाळलेल्या फुलाचं पांढरं बोंड फुटून हवेत तरंगतं, ती म्हातारी. छत्रीवाल्यांना सगळ्या फौजेत असंच काहीतरी म्हणत. शाइलो गप्प बसणारा नव्हता.

"या, या सुकट! वास आला तेव्हाच म्हटलं, रस्त्यावर मासे वाळत घातलेत की काय!"

"तुला विमानातून ढकलावं लागायचं म्हणे."

"ढकलायचेच. ढकलणाऱ्याच्या बुटाची नक्षी अजून आहे पाठीवर. पण मी पडलो तर जमिनीवर पडतो, बाबा. तू बुडालास तर तुला शोधायचं कुठे?"

मग दोघांची नजर नवरदेवाकडे वळली. तोक्तोसुनने पाहुण्यांना गोळा केलं.

"मंडळी, बांधकाम पलटणीला बंदूक का देत नाहीत, माहीत आहे का? दिली की हे लोक ती चुन्यात घालून वर भिंत रचतात!"

मांडव हसून आडवा झाला. नवरीने तोंडाला ओढणी लावली. कालमुर्झाही हसला, डावा हात कोटाच्या खिशात घालून. त्या दिवसापासून तो 'फावडं' झाला.

तिघांचे सण जणू कुणी मुद्दाम जवळजवळ मांडलेले. जुलैच्या शेवटी नौदलाचा, लगेच ऑगस्टच्या सुरुवातीला छत्रीवाल्यांचा, आणि त्याच्या थोड्याच दिवसांनी बांधकामवाल्यांचा. जर्दाळू पिकून झाडाखाली सडा पडलेला असायचा, घोडीच्या दुधाचे बुधले भरलेले असायचे, आणि तिघंही पाण्याकाठी बसून एकमेकांची सालटी काढायचे. बांधकामवाल्यांच्या दिवशी दोघं कालमुर्झाच्या दारात येऊन सलाम ठोकायचे आणि फावड्याला लाल फीत बांधून ते त्याला अर्पण करायचे. दरवर्षी तेच फावडं. कारण ते कालमुर्झाचंच होतं, त्याच्याच गोठ्यातून चोरून आणलेलं.

कालमुर्झा जोरात हसायचा. पण फेब्रुवारीत सैनिकांचा दिवस आला की शाळेतून शाइलो आणि तोक्तोसुनला बोलावणं यायचं. दोघं पदकं लावून मुलांसमोर बोलायचे. एका वर्षी त्याच दिवशी शाळा गरम ठेवणारी भट्टी बंद पडली आणि कालमुर्झालाही बोलावणं आलं, पण ते भट्टीसाठी. भिंतीपलीकडे टाळ्या वाजत होत्या आणि तो काजळीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

घरी आल्यावर बायको झूराने पाणी दिलं. "तुला राग येत नाही का रे?"

"कसला?"

"ते सैनिक. आणि तू?"

"मी फावडं," तो म्हणाला. "आपल्याच माणसांनी ठेवलेलं नाव आहे. राग कसला त्यात!"

पण त्या दिवशी त्याने जेवण अर्ध्यावर सोडलं, हे झूराच्या लक्षात राहिलं.

ज्या देशासाठी तिघं गेले होते तो देशच पुढे राहिला नाही. सरोवरावरचा नौदलाचा तळ बंद झाला. तिथे मेकॅनिक असलेला तोक्तोसुन रस्त्याच्या कडेला दोरीवर मासे वाळवून विकू लागला, आणि आता तर त्याला 'सुकट' म्हणणंही नको वाटायचं, पण म्हणायचे. सामुदायिक शेताची ट्रॅक्टरं विकली गेली, तिथे चालक असलेला शाइलो घरी बसला. गावातली धडधाकट माणसं एकेक करून रशियाला कामाला जाऊ लागली. कालमुर्झा आधी गेला. त्याच्या हातात कसब होतं. चारेक वर्षांत तो उरलजवळच्या एका मोठ्या शहरात पंधरा-वीस माणसांचा मुकादम झाला. मग एका वसंतात त्याने शाइलोला बोलावून घेतलं.

शाइलो स्टेशनवर उतरला तेव्हा चाळिशी उलटलेली, उड्यांमुळे एक गुडघा कायमचा धरलेला. कालमुर्झाने त्याला इमारतीच्या तळघरात झोपायला आपल्या शेजारची फळी दिली, चहा दिला, आणि सकाळी हातात फावडं दिलं.

"धर, म्हातारे. वीस वर्षं हसलास ना? आता कळेल."

शाइलो हसला. "हे कुठल्या बाजूने धरतात, साहेब?"

बरोबरची पोरंही हसली. कालमुर्झालाही त्या दिवशी फार बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. मग रोजच तो काही ना काही म्हणू लागला. काँक्रीट ओतताना, "अरे, छत्री उघड, छत्री!" पायरीवर शाइलोचा गुडघा अडला की, "विमान उशिरा सुटलं वाटतं आज." शाइलो उलट टोला द्यायचा, पण दमलेला माणूस देतो तसा, उशिराने आणि हलकासा.

ऑगस्ट आला. शाइलोच्या पिशवीत तळाशी त्याची निळी टोपी होती आणि पट्ट्यांचा सदरा. शहराच्या मधोमध एक मोठं कारंजं होतं. छत्रीवाल्यांच्या सणाला सगळ्या वयाचे छत्रीवाले तिथे जमत, पाण्यात उतरत, गाणी म्हणत, हे त्याने बसमध्ये ऐकलं होतं. आदल्या संध्याकाळी त्याने टोपी ओल्या फडक्याने पुसून फळीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला.

"जाऊ का रे?"

"न जायला काय झालं?" कालमुर्झा चहात पाव बुडवत म्हणाला. "तुझे भाऊबंद तिकडे पाण्यात नाचणार, आणि तू इथे सिमेंटमध्ये पोहणार? जा."

"ओळखतील का मला?"

"टोपी ओळखतात. तोंड कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी शाइलोला त्याने सुट्टी दिली. शाइलोने दाढी केली, सदरा घातला, वर कोट, कोटावर पदक. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो ताठ चालत फाटकाबाहेर गेला, आणि गुडघा दुखत नसल्यासारखा वळणापर्यंत तसाच चालला.

दुपार टळली तरी तो आला नाही. कालमुर्झाने काम सोडलं आणि शोधायला निघाला. कारंज्याच्या अलीकडच्या ट्रामच्या थांब्यावर शाइलो बाकावर बसलेला दिसला. कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. ओठ फुटला होता. डोकं उघडं. कोट नव्हता.

कालमुर्झा शेजारी बसला. शाइलो रस्त्याकडे बघत बोलू लागला.

"सुरुवातीला एक माणूस भेटला. आपल्याच वयाचा. मिठी मारली. रेजिमेंट विचारली, मी सांगितली. तो म्हणाला, अरे, माझीही तीच. त्याच खोऱ्यात होता तो. दोघं बोललो, पाणी आलं डोळ्यांत. मग ती तरुण पोरं आली. म्हणाली, ए मजुरा, ही टोपी कुठल्या बाजारात मिळाली? मी सांगितलं. म्हणाली, कागद दाखव. कागद कोण बरोबर ठेवतो? मग टोपी काढली, पदकासकट कोट ओढून घेतला. पाण्यात ढकललं."

"आणि तो? तुझ्या रेजिमेंटचा?"

शाइलोने ओठावरचं रक्त मनगटाने पुसलं.

"तो बूट बांधत होता. खाली वाकून. मी पाण्यातून दोनदा बघितलं. दोन्ही वेळा बूटच बांधत होता."

ट्राम आली, गेली. कालमुर्झाने काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आयुष्यभर अशा वेळी तिघांकडे एकच औषध होतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "म्हातारी भिजली की उडत नाही. वाळली की परत..."

शाइलोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"मला त्या नावाने हाक मारू नकोस."

त्यानंतर त्याने पहिलं बर्फ पडेपर्यंत काम केलं. सांगितलेलं करायचा, जेवायचा, फळीवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. कालमुर्झाने फावडं काढून घेऊन त्याला हलकं काम दिलं, सामानाच्या राखणीचं. शाइलोने दुसऱ्या दिवशी ते कुणालातरी देऊन टाकलं आणि पुन्हा फावडं उचललं. हिवाळ्यात तो गावी परतला, आणि पुन्हा आला नाही.

गावात तोक्तोसुनला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो सणाच्या दिवशी माशांची माळ गळ्यात घालून शाइलोच्या दारात गेला आणि ओरडला, "म्हातारे, बाहेर ये! आरमार आलंय!" शाइलोची बायको बातमा बाहेर आली. म्हणाली, "झोपलेत." आत शाइलो चुलीपाशी जागा बसलेला तोक्तोसुनला खिडकीतून दिसला. तो माळ कुंपणाला अडकवून परत गेला. हिवाळ्याला कालमुर्झा घरी आला तेव्हा तोक्तोसुनने त्याला पाण्याकाठी गाठलं.

"काय केलंस त्याचं तिकडे?"

कालमुर्झाने सांगितलं. भिजलेल्या म्हातारीबद्दल आपण काय म्हटलं तेही सांगितलं.

तोक्तोसुन ऐकून घेऊन म्हणाला, "मीही तेच म्हटलं असतं." आणि मग, "पण म्हटलंस तू."

शाइलोची छाती त्यापुढच्या दोन हिवाळ्यांत खराब होत गेली. सिमेंटची धूळ म्हणा, जुनं काही म्हणा. जिल्ह्याच्या डॉक्टरने औषधं दिली आणि बातमाला बाजूला घेऊन काही सांगितलं. कालमुर्झाने त्या वर्षी रशियाला जाणं लांबवलं. तो रोज जाऊन बसायचा, सरपण फोडून द्यायचा. बोलणं व्हायचं ते घोड्यांचं आणि हवेचं.

एका दुपारी बातमा शेजारी पीठ आणायला गेली होती. शाइलो उशीला टेकून बसला होता. कालमुर्झा भट्टीत लाकूड सारत होता.

"मी तुला जा म्हटलं नसतं..." त्याने सुरुवात केली.

"तरी गेलो असतो," शाइलो म्हणाला. "सोड." श्वास घ्यायला तो थांबला. त्याची नजर लाकडावरच्या हातावर होती. "ती बोटं कशी गेली रे तुझी? कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. कुणीच नाही विचारलं."

"आता विचारतोय."

कालमुर्झा भट्टीसमोर मांडी घालून बसला. इतक्या वर्षांत हे त्याने झूरालाही धड सांगितलं नव्हतं. कुठून धरावं कळेना.

"नदीवर पूल होता. थंडी अशी की पहार उघड्या हाताने धरली की कातडी तिलाच चिकटायची. हातमोजे आले नव्हते. दर आठवड्याला येणार होते. माझ्याबरोबर एक ताजिक पोरगा होता, सैदाली. द्राक्षाच्या मुलखातला. त्याला बर्फ म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, जरा बसतो. मी म्हटलं, बस, मी तुझंही खणतो. मी खणत राहिलो. त्याची पाळी आली म्हणून हाक मारली तर उठेना. त्याला पाठीवर घेऊन तंबूपर्यंत गेलो, उघड्या हाताने धरून. बोटं तेव्हा गेली. तो आधीच गेला होता."

भट्टीत लाकूड तडकलं.

"म्हणजे तुमच्यातही मेले," शाइलो म्हणाला.

"मेले. खूप मेले."

"आणि आम्ही हसत होतो."

"मीही हसत होतो की."

शाइलोने ब्लँकेटमधून हात काढला आणि त्याच्या दंडावर ठेवला. हात हलका झाला होता, वाळल्या फांदीसारखा. बराच वेळ तो तसाच राहिला. मग कालमुर्झाने विचारलं, "तुझं सांग ना. तिकडचं." शाइलोने मान हलवली, हात काढून घेतला आणि भिंतीकडे वळला. त्याचं त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तो गेला तेव्हा जमीन गोठायला लागली होती. अंगणात तंबू उभारला, त्यात त्याला ठेवलं. आत बायका पाठ वळवून रडगाणं गात होत्या, बाहेर मुलगे आणि भाऊ कमरेला पट्टा बांधून काठीवर वाकून उभे होते. रीतीप्रमाणे कालमुर्झा फाटकापासूनच मोठ्याने रडत गेला: "अरे भावा, माझ्या भावा, कुठे शोधू तुला!" ही हाक प्रत्येकजण प्रत्येक मेलेल्यासाठी देतो. पण त्याचा आवाज असा फाटला की उभी असलेली माणसं वर बघू लागली. तोक्तोसुनने येऊन त्याला धरलं. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. कोणी कोणाला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

जिल्ह्याच्या भरती कचेरीतून एक तरुण कॅप्टन आला होता. त्याने कागदावरून वाचून दाखवलं की शाइलो शूर योद्धा होता. मग विचारलं, पदक कुठे आहे, उशीवर ठेवायचं असतं. बातमाने कालमुर्झाकडे पाहिलं.

"हरवलं," कालमुर्झा म्हणाला.

प्रेताला आंघोळ घालणाऱ्यांत तो होता. खांद्यावर, पाठीवर त्याने पाणी ओतलं. ज्यांनी आंघोळ घातली त्यांना मेलेल्याचे कपडे वाटून देतात. त्याच्या वाट्याला रशियातल्या बाजारात घेतलेला एक जाड लोकरीचा स्वेटर आला. बातमाने तो हातात देताना हळूच म्हटलं, "भावजी, एक सांगू? लग्न झाल्यापासून हे झोपेत ओरडायचे. तुम्ही तिघं सणाला बसून चिडवाचिडवी करून आलात की त्या रात्री शांत झोपायचे. तेवढ्याच रात्री. मी वाट बघायची ऑगस्टची. शेवटची वर्षं मात्र..."

कालमुर्झाने स्वेटर काखेत धरला. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. बातमा म्हणाली, "मला तरी कुठे सांगायचं होतं तुम्हाला." आणि ती बायकांत जाऊन बसली.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर तो पुन्हा रशियाला गेला. न जाऊन भागणार नव्हतं. धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. नवीन जागा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कारंज्यावरून जाणारी ट्राम त्याला घ्यावी लागत नव्हती.

तिथला इंजिनिअर तरुण होता, मनमिळाऊ. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो मजुरांत येऊन बसला. आपण नौदलात होतो, हे त्याने हौसेने सांगितलं. छत्रीवाल्यांची टिंगल केली, रणगाडेवाल्यांची केली, पोरं खिदळली. मग त्याची नजर कालमुर्झाच्या हाताकडे गेली.

"आणि तुम्ही, आजोबा? तुमच्या वेळी तर सगळ्यांना जावं लागायचं. कुठल्या दलात होता?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. हसायच्या तयारीतच होते.

"मी नव्हतो गेलो," कालमुर्झा म्हणाला. "माझे दोन मित्र गेले होते."

त्याने डब्यातला उरलेला पाव कापडात गुंडाळला, चहाचा गाळ मातीत ओतला आणि मिक्सर सुरू करायला उठला.